खालीवर पडलेला ठोका

चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका मी प्रथम ऐकली ती २०१० साली तिचे पुनर्प्रकाशन झाल्यानंतर, सेवाग्रामच्या आमच्या घरात, आणि तेव्हा वडील शेजारच्या खोलीत होते. हे दुसरे अधिक महत्त्वाचे. वडील शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. ललत सुरू होता. ते दाराशी आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ललत आहे, ते कळतंय. पण याची खाली कुठे गेली?”

मी त्यांना मुद्रिकेचा इतिहास सांगू लागलो. सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. नामवंत संगीतकारांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांशी जोडून हे दहा राग मुद्रित केले. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या सुरावटींचे छोटे यंत्र. एचएमव्हीने मुद्रिका काढली. तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि जग चकित झाले. कारण त्याच टीबी-३०३ च्या चिवट, वळवळत्या आवाजावर शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत उभे राहिले होते. त्याची पहिली प्रसिद्ध मुद्रिका, फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, १९८७ ची. म्हणजे मुंबई पाच वर्षे पुढे!

वडिलांनी हे सारे ऐकून घेतले. खालीविषयीचा त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

या मुद्रिकेविषयी जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी तिच्या पहिलेपणाविषयी आहे. साहित्य शिकवणाऱ्याला हा रोग ओळखीचा वाटावा. ‘यमुनापर्यटन’ ही १८५७ ची मराठीतली पहिली कादंबरी, एवढे फळ्यावर लिहून मी किती वर्षे पुढे सरकलो असेन! यमुनेला प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती विद्यार्थ्यांनी वाचल्या की नाही, हे मी कधी विचारले नाही. बोर्हेसने काफ्काच्या पूर्वसूरींविषयी लिहिताना, प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतःच घडवतो, असे म्हटले आहे. ते खरेच, पण अशा रीतीने घडवल्या गेलेल्या पूर्वसूरीचे स्वतःचे म्हणणे काय होते, याची चौकशी मग थांबते.

सिंग यांचे म्हणणे यंत्रांपाशी जाऊन शोधावे लागते. टीबी-३०३ हे गिटारवादकाला घरी सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून केलेले यंत्र. त्यात एकेक स्वर आधी भरून ठेवायचा आणि हव्या त्या जागी ‘स्लाइड’ची खूण करायची, की एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. आपल्याकडे पेटीवर सर्वांत मोठा आक्षेप कोणता होता? तिच्यात मींड नाही. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीने पेटीला दूर ठेवले, त्यामागेही हा आक्षेप होता. आणि येथे पट्ट्यांचेच एक जपानी यंत्र, रागाची कल्पनाही नसलेल्या माणसांनी केलेले, दोन स्वरांमधली वाट दाखवत होते. वरच्या सुरावटी सिंग हाताने वाजवतात, त्याही अशाच घसरत जातात. मला ही मुद्रिका आवडते ती या वाटेसाठी. शिकागोत नंतर काय झाले, याच्याशी त्या आवडीचा संबंध नाही.

पण तालयंत्राची गोष्ट निराळी. टीआर-८०८ वर सोळा कळा एका ओळीत आहेत; चार तांबड्या, चार नारिंगी, चार पिवळ्या, चार पांढऱ्या. तीनतालाचे सोळा मात्रांचे चार विभागच जणू रंगवून ठेवले आहेत! मी चित्र दाखवले तेव्हा वडीलही क्षणभर हरखले. मग त्यांनी पिवळ्या कळांवर बोट ठेवले. नववी मात्रा. येथे टाळी द्यायची नाही, हात उलटा करायचा. या विभागात डग्गा मागे सरतो, आणि म्हणून सम कुठे येणार ते कळते. डिस्कोच्या ठेक्यात मात्र पहिली, पाचवी, नववी, तेरावी, सगळीकडे तोच जड ठोका. सगळेच भरलेले. “मग परत यायचं कुठे?”

मी म्हणालो, नाचणाऱ्याला परत यायचेच नसते. उत्तर वाईट नव्हते, पण घाईचे होते.

यंत्र नको म्हणणारे ते नव्हते. सेवाग्रामात राहणाऱ्याला यंत्रविरोधाची बाळबोध मांडणी शोभतही नाही. १९२९ साली गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. वडील लहानपणी रोज कातत. एकदा त्यांनी मला दाखवले होते : पेळूतून धागा ओढताना हात वर जातो, चाक गुणगुणते, मग चाक किंचित उलट फिरवायचे आणि धागा चातीवर गुंडाळायचा. त्या उलट्या फेरीत नवा धागा निघत नाही. ती नसेल तर ओढलेलाही हाती राहत नाही.

त्या मुद्रिकेवर मी पुष्कळ वाचले, कौतुकच सारे. तिला राग म्हणून ऐकून तिच्याशी भांडलेला माणूस मला एकच भेटला. काही दिवसांनी त्यांनी आपणहून मालकंस लावायला सांगितला. ठोका चालू होता आणि ते मांडीवर हाताने तीनताल धरून बसले होते. प्रत्येक आवर्तनात नवव्या मात्रेला ठोका पडे आणि त्यांचा तळवा वर वळे.