रंगारी घरी येतात तेव्हा

घराला रंग देणे म्हणजे रंग निवडणे, असा आमचा अनेक वर्षांचा समज होता. रंग निवडावा, रंगाऱ्यास बोलवावे, चार दिवस सामान इकडचे तिकडे करावे आणि पाचव्या दिवशी नव्या भिंतींकडे पाहत चहा घ्यावा, यापलीकडे त्या व्यवहारात काही असेल असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. भिंतीपेक्षा भिंतीवरच्या चित्राकडे पाहण्याची सवय अधिक.

आमचे मूळ गाव गोव्यातील काणकोण तालुक्यात, आणि घरची बोली कोंकणी. शिक्षकी पेशाने आम्हांला पांढुर्ण्यास आणले आणि येथेच एक जुने घर आम्ही विकत घेतले. गेल्या वर्षी आमची आई प्रथमच या घरी यावयाची होती. दसऱ्याला यायचे आणि संक्रांतीनंतर परतायचे, असा तिचा बेत. तिला दम्याचा विकार. तिच्यासाठी आतली खोली ठरली आणि त्या खोलीच्या निमित्ताने सगळ्याच घराला रंग देण्याचे आम्ही मनावर घेतले. गोव्यात आम्ही रंग ‘काडतो’. येथे घर ‘पोततात’. शब्द निराळा, पण खर्च तोच!

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार झाली, आणि गाव पुन्हा कामाला लागले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौसर हे त्याचे दोन तालुके. तेव्हापासून चांगल्या कारागिरांना सवड नाही, असे शेजाऱ्यांनी बजावले होते. अखेरीस सौसरचे एक वयस्क रंगारी येण्यास तयार झाले.

ते आले, आणि रंगाचे नावही काढीनात. आम्ही रंगांचे नमुनापत्र हाती घेऊन मागे मागे फिरत होतो. ते मात्र भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करीत, कान देऊन ऐकत चालले होते. पोकळ आवाज आला की पेन्सिलीने फुली करीत. छपरावर पाणी कोठे साचते, न्हाणी कोणत्या भिंतीला लागून आहे, मागचा रंग कोणता होता आणि केव्हाचा, असे प्रश्न त्यांनी विचारले. वैद्याने नाडी पाहावी तसा तो प्रकार होता. काळ्या जमिनीवरच्या घरांना तडा जाणे नवलाचे नाही. ती जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, हे भूगोलात आम्ही शिकवलेही होते. आपल्याच भिंतीवरची तिरकी भेग मात्र आम्हांला तोवर दिसली नव्हती.

मग मोजमाप झाले. विद्यार्थिमित्रांनो, येथे तुमचे क्षेत्रफळाचे गणित उपयोगी पडते. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल, तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार ७ बाय ३ आणि खिडकी ४ बाय ३, म्हणजे ३३ चौरस फूट वजा, वरचे छत १२० चौरस फूट अधिक, एकूण ५२७. दारे-खिडक्या वजा करावयाच्या की नाहीत, माल कोणी आणावयाचा, रंगाचे किती हात द्यावयाचे, जमिनीवर पडलेले डाग कोणी पुसावयाचे, हे सारे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर उतरलेले बरे. आमच्या रंगारीबुवांनी ते आपण होऊन उतरवले. त्यात रंगाची ओळ शेवटची होती. तिच्या आधी खरवडणे, भेगा भरणे, पुट्टीचे दोन हात, काचकागदाने घासणे आणि प्रायमर. रंगाचे दोन हात पुढे दोन दिवसांत संपणार होते. अगोदरच्या कामाला आठवडा हवा होता.

आईच्या खोलीपाशी येऊन ते थांबले. ती भिंत न्हाणीला लागून होती. तळाशी पांढरी बुरशी समजून सौभाग्यवती दर महिन्याला जे पुसत असत, तो लोणा निघाला. ओलीबरोबर विटांतले क्षार बाहेर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार भिंतीवर राहतात.

“गुरुजी, हे भिंत आतून ओली हाये,” ते म्हणाले. “आज रंग देला तर महिन्यात पोपडे निघतीन. पहिले न्हाणीचा नळ पहा, गिलावा काढा, नवा करा, मंग महिनाभर वाळू द्या.”

“आमची आई दसऱ्याला येते आहे.”

“मंग माय आल्यावर दुसऱ्या खोलीत झोपू द्या. या भितीले मी आत्ता रंग नाही देत.”

आम्हांला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पैसे देणारे आम्ही आणि नाही म्हणणारे ते! बाकीचे घर त्यांनी ठरल्याप्रमाणे, फार देखणे करून दिले. दारांवरचा जुना तेलरंग खरवडताना एक गोष्ट मात्र आम्ही त्यांना सांगू शकलो. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूस अपाय करते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमची दारे त्याहून कितीतरी जुनी. “वीस वर्षे हेच धुये खातो आहो,” एवढेच ते बोलले. नंतर लाकूड ओले करूनच घासले, नाकाला फडके बांधले आणि आमच्या धाकटीला त्या दिवशी शेजारी पाठवा म्हणून सांगितले.

ते गेले, आणि आम्ही गावातल्या दुसऱ्या एका माणसास बोलावून त्या भिंतीला झकास प्लॅस्टिक रंग लावून घेतला. एका दिवसाचे काम. त्या माणसाचा दोष नाही. आम्ही सांगितले तेच त्याने केले. आई आली, तिने खोलीभर दृष्टी फिरवली आणि “घर बरें दिसता” म्हणाली. आम्ही धन्य झालो.

तिसऱ्या आठवड्यात भिंतीवर फोड आले. असा रंग रबरी पडद्यासारखा बसतो. आतल्या ओलीला वाट मिळेना, म्हणून तिने रंगच ढकलून काढला. कुबट वास सुटला. एका रात्री आईला धाप लागली, आणि तिला उशीला टेकवून आम्ही पहाटेपर्यंत बसलो. तिने भिंतीला तळहात लावून पाहिला. “वणत ओली आसा,” ती म्हणाली. वणत म्हणजे भिंत. तिला कोणी रंगाऱ्याने शिकवले नव्हते. शिंपल्यांचा चुना भाजून दर पावसाळ्यानंतर घर पांढरे करणाऱ्या गावची ती बाई.

सकाळच्या बसने आम्ही सौसरला गेलो. वाटेतल्या संत्र्यांच्या बागा पाहण्याचे त्या दिवशी सुचले नाही. रंगारीबुवांना काय सांगावे, याचीच जुळवाजुळव चालली होती. आम्हांला पाहून ते एवढेच म्हणाले, “माय कशी हाये?”

नळ फुटका निघाला. गिलावा विटांपर्यंत काढला. त्या दिवाळीत फराळाला आलेल्या प्रत्येकाने आमच्या घरातली ती लाल, उघडी भिंत पाहिली, आणि प्रत्येकाला कारण सांगताना आम्हांला अवघड झाले. आई बाहेरच्या खोलीत निजे. तिची धाप उतरली. मग नवा गिलावा झाला. रंगारीबुवा दोनदा येऊन हात लावून गेले आणि दोन्ही वेळा मान हलवून परतले.

आई संक्रांतीनंतर गेली, तेव्हा भिंत करडीच होती. माघात रंगारीबुवांनी तिला चुना दिला, प्लॅस्टिक रंग नव्हे. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, असे त्यांचे म्हणणे. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, पाण्यात विरला की विरलेला चुना, आणि भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीच होतो. भूशास्त्रात ज्या खडकांना सौसर समूह म्हणतात, त्यांत मँगनीजबरोबर संगमरवरही आहे, म्हणजे रूप पालटलेला चुनखडकच. हे सांगितल्यावर रंगारीबुवा हसले. चुना विरवताना मात्र त्यांनी आम्हांला दूर उभे केले. पाणी पडताच तो उकळतो, आणि शिंतोडा डोळ्यांत गेला तर डोळा जातो.

संध्याकाळी आईचा फोन आला.

“वणत सुकली रे?”

“सुकली, आई. चुना काढला.”

“नीळ चड जावंक ना मू?”

नीळ थोडी जास्तच झाली होती. आम्ही नाही म्हणून सांगितले.