राजबागेतलं पेशावर

हडपसर सुटलं की सोलापूर रस्त्यावर तेलाचे टँकर दिसू लागतात. लोणी स्टेशनजवळच्या डेपोंकडे त्यांची रीघ असते आणि पीएमपीची बस त्यांच्यामागे रखडत चालते. याच रस्त्याने तुकोबांची पालखी लोणी काळभोरला मुक्कामाला येते. मी मात्र निघालो होतो पेशावर बघायला.

मुळा-मुठेकाठची राजबाग ही राज कपूरची शेती. ‘सत्यम शिवम सुंदरम’चं चित्रीकरण इथलंच. आता तिथे एमआयटीचं विद्यापीठ आहे, 160 फूट व्यासाचा भव्य घुमट आहे आणि कपूर घराण्याचं स्मारकही. फाटकावरच्या वहीत नाव लिहून आत शिरलो.

पेशावरच्या दिशेचं नाव निघालं की मराठी माणसाला आठवते अटक. 1758 मध्ये राघोबादादांच्या मोहिमेत मराठे तिथवर पोचले. झेंडे लावले खरे, पण तिथे राहतं कोण, याची चौकशी राहूनच गेली. सरसकट ‘पठाण’ म्हणून आपण मोकळे झालो. राज कपूरचा जन्म 1924 सालचा, पेशावरचा. पण कपूर मूळचे पंजाबी खत्री, बोली हिंदको. जुन्या पेशावर शहरात पश्तोइतकीच, किंबहुना जास्तच, हिंदको कानावर पडे.

राजकारणाचंही तेच. ‘हिना’ची जुळवाजुळव करता करता 1988 मध्ये राज कपूर गेला, रणधीरने तो चित्रपट 1991 मध्ये पडद्यावर आणला. संवाद पाकिस्तानी मालिकांच्या नामवंत लेखिका हसीना मोईन यांचे, नायिका झेबा बख्तियार. आपल्या लेखी ती ‘पाकिस्तानी नटी’, बस्स. तिचे वडील याह्या बख्तियार हे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंच्या काळातले अॅटर्नी जनरल. झियांच्या लष्करी राजवटीत भुट्टोंचा जीव वाचवायला सर्वोच्च न्यायालयात हेच उभे राहिले. 1979 मध्ये फाशी झालीच. पण लष्करशहाच्या नाकावर टिच्चून वकीलपत्र घेणारी माणसं त्या देशात होती, हे आपल्याला सिनेमाच्या पोस्टरवरून कसं कळावं?

पेशावरची कपूर हवेली मात्र अजून उभी आहे, पडकी. खैबर पख्तुनख्वा सरकारने 2020 मध्ये ती विकत घेऊन संग्रहालय करायचं ठरवलं. सरकारी भाव निघाला दीड कोटीच्या आसपास; मालकाने मागितले दोनशे कोटी. हे प्रकरण लोणीतल्या कुठल्याही बागायतदाराला सांगा. मोबदल्याच्या वादात तो बिनदिक्कत पेशावरच्या मालकाची बाजू घेईल.