शेवटचे काही तास

शनिवार सकाळ, बाहेर पाऊस, आणि फ्रीजमध्ये बेकनचं अर्धं पाकीट. डेन्मार्कला ऑनसाइट आल्यापासून माझा वीकएंडचा नाश्ता ठरलेला आहे. आज मात्र दोनदा फ्रीज उघडला आणि तसाच बंद केला.

झालं असं, की गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका डॅनिश मित्राबरोबर कत्तलखाना बघायला गेलो होतो. हो, इथे तो बघता येतो, काचेमागून! मित्र शेतकऱ्याचा मुलगा, त्याला काही विशेष वाटत नव्हतं. आणि मी? लहानपणी रविवारी मटणाच्या दुकानात बाबांच्या मागे तोंड लपवून उभा राहणारा, आणि दुपारी सगळ्यात जास्त रस्सा ओरपणारा.

खरं सांगू? आधी मी चक्क इंप्रेस झालो. डुकरांना माणसासारखा घाम येत नाही, म्हणून ट्रकमधून उतरल्यावर त्यांच्यावर पाण्याचे फवारे. अनोळखी डुकरं एकत्र आली की मारामाऱ्या करतात, म्हणून ओळखीचे गट शक्यतो फोडायचे नाहीत. उजेडातून अंधारात जायला ती बिचकतात, म्हणून पुढची वाट उजळ ठेवायची. लोंबणारी साखळी, ओल्या फरशीवरची चमक, एवढ्यानेही रांग अडते. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन बाईंनी आयुष्यभर हेच सांगितलं: जनावराच्या डोळ्यांनी बघा. आम्ही 'युजर'च्या नावाने एवढं तरी करतो का?

मग घरी येऊन वाचत बसलो. युरोपच्या नियमाप्रमाणे शंभर किलोच्या डुकराला ट्रकमध्ये साधारण साडेचार चौरस फूट जागा मिळते. पाणी सतत मिळत असेल तर प्रवास २४ तासांपर्यंत चालतो. आणि फवाऱ्यांमागचं गणितही कळलं. मरायच्या आधी डुक्कर घाबरलं, दमलं, की स्नायूंमध्ये आम्ल झपाट्याने वाढतं. मांस फिकट, लिबलिबीत होतं, पाणी सोडतं. म्हणजे भीतीचं बिल कंपनीलाच येतं! दया आणि नफा इथे एकाच दिशेला चालतात. छानच की.

पण पुढे?

पुढे सहा-सात डुकरं एका पिंजऱ्यात जातात आणि पिंजरा खाली उतरतो. खाली कार्बन डायऑक्साइड, ८० टक्क्यांहून जास्त. गटातच राहतात, कोणी एकेकाला पकडत नाही, हा ह्या पद्धतीचा खरा फायदा. पण शुद्ध लगेच हरपत नाही. ओलसर नाकात-घशात त्या वायूचं आम्ल होतं, जळजळतं, जीव गुदमरतो. ब्रिटनमधल्या सरकारी सल्लागार समितीने २००३ साली सांगितलं होतं की पाच वर्षांत हे बंद करा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० साली पुन्हा तेच दुखणं मांडलं. आरगॉनसारखा वायू डुकरांना एवढा नकोसा वाटत नाही, पण तो महाग आणि वेळही जास्त घेतो. त्यामुळे अजून बहुतेक मोठ्या ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच.

म्हणजे जिथपर्यंत त्यांचं हित आणि आपला फायदा जुळतो, तिथपर्यंत सगळं चकाचक. जिथे पदरचे पैसे टाकायची वेळ येते, तिथे गाडी वीस वर्षं अडकलेली.

मित्राला सोमवारी हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझे वडील ट्रक भरताना स्वतः उभे असायचे. पण त्याच्यापुढे ते कधीच गेले नाहीत."

मीही काचेमागेच उभा होतो की.

उद्यापासून शाकाहारी होणार वगैरे घोषणा करत नाही, पुण्याला गेल्यावर आईच्या हातच्या मटणापुढे माझं काय होईल ते मला माहीत आहे. पण हे पाकीट शेवटचं. महाग वायूचे पैसे कोणी भरायला तयार झालं तर बेकनची जी किंमत होईल, ती द्यायची माझी तयारी आहे. तोपर्यंत शनिवारी पोहे.

असो. कांदा चिरायला घेतो.