रंगभवन ते भैय्या चौक

पुण्याहून निघालेली आगगाडी दौंड आणि कुर्डुवाडी मागे टाकत, मोहोळनंतर सीना नदी ओलांडून सोलापूरच्या माळावर येते. ज्या लोहमार्गाने ती येते, त्याचे आणि या शहरातील अमेरिकन मिशनचे वय जवळजवळ सारखेच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि त्याच दशकाच्या आरंभी चार्ल्स हार्डिंग या पाद्र्यांच्या रूपाने अमेरिकन मराठी मिशनने येथे आपले ठाणे मांडले. मिशनच्या परिभाषेत ठाणे म्हणजे केवळ वसतिस्थान नव्हे. बंगला, शाळा, उपासनामंदिर आणि आसपासच्या खेड्यांचा फिरतीचा मुलूख मिळून ते होत असे.

या मिशनची पाळेमुळे मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेल्या एका मंडळात होती. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे प्रतिनिधी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नकोसे होते. पुढे १८३१ मध्ये अहमदनगर हे मिशनचे मोठे केंद्र झाले, आणि सोलापूर ही त्या नगरी परंपरेचीच दक्षिणेकडील शाखा म्हणावी लागते. सुवार्ताप्रसार हा मूळ हेतू कोणी लपविला नव्हता. मात्र तो साधण्यासाठी पाटी आणि औषधाची बाटली ही दोन साधने हाती घ्यावी लागली, आणि लोकांनी बहुधा साधने घेतली व हेतू दारातच ठेवला.

स्थानकाकडून रंगभवन चौकाकडे गेल्यास फर्स्ट चर्च लागते. मराठी ख्रिस्ती समाजात उपासकांच्या समूहाला ‘मंडळी’ आणि धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात. या शब्दांतच इंग्रजी उपासनेचे मराठी रूपांतर किती खोलवर झाले हे दिसते. मिशनच्या शिक्षणकार्याची ओळख देणारी दोन नावे आजही शहरात रुळलेली आहेत. त्यांपैकी वोरोनोको हे मुलींच्या शाळेचे नाव सोलापुरी कानांना परके वाटत नाही, इतके ते घासून गुळगुळीत झाले आहे; प्रत्यक्षात ते मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्डच्या परिसराला तेथील मूळ रहिवाशांनी दिलेले नाव होय. ज्या गावात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात, तेथे अमेरिकेतील आदिवासी भाषेच्या एका शब्दाने ठाण मांडावे, यात तसे नवल नाही.

दुसरे नाव मेरी बी. हार्डिंग यांचे. किंडरगार्टन म्हणजे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांनी कल्पिलेली, खेळ, गाणी आणि हस्तव्यवसाय यांतून शिकविणारी लहान मुलांची शाळा. ती सोलापुरात रुजविण्याचे आणि तिच्यासाठी मराठी शिक्षिका तयार करण्याचे श्रेय या बाईंकडे जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डीतील कामामुळे बालवाडी हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी गेला, हे खरे. परंतु त्याच्या कितीतरी आधी गिरण्यांच्या या गावात लहान मुले रंगीत ठोकळे मांडत बसली होती, याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात फारशी ठळकपणे होत नाही.

आरोग्यकार्याची कथा निराळी आहे. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारले तसे नामांकित रुग्णालय सोलापूरच्या वाट्याला आले नाही. येथे ते काम दुष्काळाने लादले. १८७६–७८ चा दुष्काळ या जिल्ह्याने भोगला होता. १८९६ नंतरच्या दोन दुष्काळांनी उरलेसुरले मोडून काढले. त्या काळात अनाथ मुले आणि कुष्ठरोगी यांचा भार अमेरिकनांच्या बरोबरीने डॉ. केसकर या मराठी ख्रिस्ती डॉक्टरांनी उचलला. परदेशी मिशनच्या कार्यात एतद्देशीयांचा वाटा नेहमी तळटीपेत जातो. सोलापुरात तरी तो मुख्य मजकुरात असायला हवा.

शहराच्या एका भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात आणि त्याच्याच शेजारी उमेदपूर आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट आदी कुटुंबांना काटेरी तारेच्या आत, दररोजच्या हजेरीच्या जाचात वसविण्यात आले. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. शाळा होती, औषधोपचार होते, गिरण्यांत कामही मिळे. पण तार होतीच. कोंडवाड्याची व्यवस्था पाहणाऱ्याने कोंडलेल्यांना शिकवावे, या विसंगतीकडे मिशनच्या गौरवगाथांनी काणाडोळा केला आहे, आणि टीकाकारांनी आत शिकलेल्या पहिल्या पिढीकडे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. वस्तीचे नाव मात्र बदलले नाही.

परतीच्या वाटेवर, स्थानकाजवळच्या भैय्या चौकात, हाच प्रवाह उलट दिशेने वाहिल्याची खूण आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात होते. त्यांच्या पेटीत धर्मग्रंथ नव्हता, त्यांना कोणाचे मतांतर करायचे नव्हते. पण परक्या मुलखात जाऊन तेथील भाषा शिकणे, तेथेच संसार मांडणे आणि रुग्णांत राहून देह ठेवणे, हे सारे जुन्या वैद्यकीय मिशनऱ्यांच्याच वाटेचे होते. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला. त्यांच्या राहत्या घराचे महानगरपालिकेने स्मारक केले आहे. गाडीला तासभर अवकाश असेल, तर सोलापूरला उतरलेल्या वाचकाने ते पाहूनच फलाटावर यावे.