डबा आत आहे, पण सापडत नाही

न्हावा शेवा बंदरात क्लिअरिंगच्या धंद्यात लागलो तेव्हा साहेबांनी आधी शिकवलं ते कंटेनरचा, म्हणजे आमच्या भाषेत डब्याचा, नंबर वाचायला. चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो, त्यामुळे टाइप करताना काही चुकलं तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर तिथेच अडवतं. जहाज लागण्याआधीच आम्ही कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री भरतो. मग ड्युटी, डीओ म्हणजे शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, आणि आउट ऑफ चार्ज म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी.

२७ जून २०१७. जीएसटीला चार दिवस उरलेले, जुन्या कराच्या हिशेबात माल सोडवून घ्यायची प्रत्येक पार्टीला घाई. आणि बंदरातल्या एका टर्मिनलची सिस्टीम बसली. आम्हाला वाटलं, सर्व्हर गेला असेल. मग बातम्यांत ‘पेट्या’ या कॉम्प्युटर व्हायरसचं नाव ऐकलं. पुढे त्याला नाव पडलं नॉटपेट्या. युक्रेनमधल्या कर भरायच्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमधून फिरत थेट उरण तालुक्यात पोचला!

दुसऱ्या दिवशी ट्रेलरच्या रांगा लागल्या. क्रेन धड होत्या, वीज होती, माणसं कामावर होती. शेजारची टर्मिनलं चालू होती. डबेही यार्डात जागच्या जागी होते. फक्त कुठला डबा कुठल्या ब्लॉकमध्ये, कितव्या थरावर, हे सांगणारं कोणी नव्हतं. डबे काही आले तसे रचत नाहीत. वजन किती, जाणार कुठे, आधी कोणता निघणार, हे बघून सिस्टीम जागा देते आणि मधेच बदलतेही. ते कुणा माणसाच्या डोक्यात नसतं.

महापे एमआयडीसीतल्या आमच्या एका पार्टीचा फोन दर तासाला. ‘‘आउट ऑफ चार्ज झालंय ना? डबा आत आहे ना? मग द्या की!’’ काय सांगणार? आत माणसं कागद-पेन घेऊन रांगांमधून नंबर वाचत फिरत होती. सापडला तरी वरचे डबे आधी हलवायचे, आणि हलवलेले कुठे ठेवले तेही लिहायचं.

कॉम्प्युटरमुळे माणसं कमी लागतात, असं मालक लोक सांगतात. मला पटत नाही. एवढ्या जागेत एवढे डबे एकावर एक ठेवणं मुळात त्याच्याच जिवावर चाललंय. म्हणून तो गेल्यावर परतायला जुनी पद्धतच उरली नव्हती.

डबा शेवटी निघाला आणि मागोमाग शिपिंग लाइनचं बिल आलं, फ्री डेज संपल्यानंतरचं भाडं. त्यांच्या सॉफ्टवेअरला टर्मिनल बंद होतं हे कळायचं काही कारण नव्हतं; तारीख सरकली की रक्कम वाढवायची, एवढंच त्याचं काम. ते माफ करून घ्यायला साहेबांनी लेटरहेडवर अर्ज लिहिला, शिक्का मारला आणि मला बेलापूरला हातोहात द्यायला पाठवलं. निम्मी रक्कम सुटली. उरलेली कोणी भरायची, यावरून आमची आणि पार्टीची दिवाळीपर्यंत वादावादी चालली.