पाडव्याचा संकल्प

पाडव्याला मी दरवर्षी एखादा संकल्प सोडतो आणि देवदिवाळीपूर्वीच मोडतो. यंदाचा मात्र चारचौघांत सांगायलाही संकोच वाटावा असा आहे. 'रस्ट' ही 2015 साली पक्क्या रूपात आलेली संगणकाची भाषा शिकायची आणि आईच्या बोलीतल्या शब्दांची माझी वही तिच्याकरवी अकारविल्हे लावायची. आईला हल्ली शब्द आठवत नाहीत. घाई आहे ती त्यामुळे.

श्रीगणेशा 'परभणी'ने केला. लांबी विचारली, तर उत्तर आले 15! अक्षरे चार, हे पहिलीतले पोरही सांगेल. मग उमगले, की ती स्मृतीतली घरे, म्हणजे बाइट मोजते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे, आणि 'णी'ची वेलांटी निराळे चिन्ह. पाच त्रिक पंधरा. मालकी-उसनवारीचे तिचे नियम अद्याप डोक्यात शिरत नाहीत. चुका मात्र ओळीच्या आकड्यासकट दाखवते. आम्ही तपासलेल्या वह्यांत एवढे कुठले!

खरी अडचण 'ळ'ची. यंत्राच्या क्रमात तो 'ल'पाठोपाठ बसतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. त्यामुळे आईचे 'माळवं' 'माहेर'च्या आधीच येऊन बसते. पुढल्या पाडव्यापर्यंत ते 'माहेर'नंतर बसवायचे आहे.