मंजूर म्हणजे नक्की काय?

'मंजूर' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूत आणि तिथून मराठीत आला. 'नजर' आणि 'मंजूर' एकाच कुळातले. मूळ अर्थ इतकाच, की जे पाहिले गेले, नजरेखालून गेले. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे मुलांना हा शब्द सांगताना गंमत वाटायची. मात्र आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी 'जलवाहिनीचे काम मंजूर' असा फलक लागला आणि त्यावर आमदारसाहेबांचा हात जोडलेला फोटो झळकला, त्यानंतर या शब्दाची गंमत राहिली नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी माझ्या नववीच्या वर्गात मुलींचे बाक रिकामे असतात. हजेरीपटावरूनच मला पाण्याचा वार कळतो. फलक लागल्यावर घराघरांत आनंद झाला. मागच्या गल्लीतल्या एका खालांनी टाकी घेण्यासाठी भिशीचे पैसे साठवले होते. "अब तो मंजूर हो गया ना," म्हणत त्यांनी ते घराच्या पत्र्यांवर घातले. दोन घरांनी मिळून बोअर घ्यायचे ठरवले होते, तो बेतही मागे पडला. एक उन्हाळा गेला, दुसरा आला. फलकाचा रंग उडाला, पण नळ होता तिथेच. आणि बाकही रिकामेच.

यात खोटे काय होते? काहीच नाही. कोणीतरी कागद पाहिला होता, म्हणजे काम 'मंजूर' होतेच! पण सरकारी कामाला एकच मंजुरी नसते, पायऱ्या असतात. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम हवे आणि त्याला अमुक रक्कम लागेल, हे सरकारने मान्य केले. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्याने नकाशा आणि अंदाजपत्रक तपासले. मग निविदा. मग कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराने कुदळ मारायची परवानगी. पैशाचेही तसेच आहे. तरतूद होणे वेगळे आणि निधी प्रत्यक्ष हातात येणे वेगळे. फलकावर यातली कुठलीही पायरी 'मंजूर' याच एका शब्दात मावते. वाचणाऱ्याला वाटते, पाणी आलेच.

आपल्या जिल्ह्याला या अंतराची ओळख करून द्यायला नको. नांदुरा तालुक्यातला पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प पाहा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याला मान्यता मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज चारशे कोटींच्या आत होता. पुढे तो तेरा हजार कोटींच्या वर गेला. मधल्या काळात एक अख्खी पिढी शाळेत गेली, शिकली, तिची लग्ने झाली. ज्यांच्या जमिनी आणि घरे बुडितात जाणार, त्यांनी 'आता घर दुरुस्त करावे की नको' या प्रश्नात वर्षे काढली. त्यांना मंजुरीची बातमी अनेकदा मिळाली. त्यांना हवी होती ती माहिती. बातमी ऐकून माणूस खूश होतो किंवा नाराज होतो. माहिती मिळाली तर तो निर्णय घेऊ शकतो.

माहिती नसली की तिची जागा अफवा घेते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवाड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, ते आठवत असेल. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचे पथक आले, पुढे गव्हातल्या सेलेनियमची चर्चा झाली. तपासाला वेळ लागणारच. पण त्या दिवसांत घरातल्या बाईला एवढेच कळायला हवे असते, की आज हे पाणी प्यायचे का, हे पीठ मळायचे का. 'अजून नक्की सांगता येत नाही, तोवर असे करा' हीसुद्धा माहितीच आहे. ती कोणीतरी जबाबदार माणसाने घरापर्यंत पोचवावी लागते.

लोकप्रतिनिधीला हे जमते का? जमते, आणि आपल्याच भागात जमलेले आहे. प्रा. बी. टी. देशमुख हे अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे विधान परिषदेवर होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि आपला बुलडाणा, एवढा मोठा तो मतदारसंघ. माझे एक मामू महाविद्यालयात शिकवायचे. त्यांच्याकडे 'नुटा' या प्राध्यापक संघटनेचे बुलेटिन यायचे. त्यात शासननिर्णय असत, सभागृहातली प्रश्नोत्तरे असत, न्यायालयाचे आदेश असत. मामू लाल पेनाने खुणा करत ते वाचायचे. मला तेव्हा ते रूक्ष वाटे. आज कळते, की विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष हा अवघड विषय सामान्य पदवीधराच्या तोंडी आला, त्यात देशमुखांच्या अशा चिकाटीचा मोठा वाटा होता. 'मी करून आणले' यापेक्षा 'मी हे विचारले आणि सरकारने हे उत्तर दिले' असे सांगणारा आमदार मतदाराला अधिक मान देतो.

आमच्या मोहल्ल्यात पुढे काय झाले, तेही सांगते. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली होती आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासक होते. विचारायला नगरसेवकच नव्हता, त्यामुळे नळाचा प्रश्नही लोक आमदाराकडे नेत. तिथे चहा मिळे, 'काम मंजूर आहे' हेच उत्तर मिळे. शेवटी माझ्या विद्यार्थिनींच्या आयांसोबत बसून मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. साध्या कागदावर, मराठीत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न एकच होता: काम कोणत्या पायरीवर आहे? कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले, 'तांत्रिक मान्यतेची प्रक्रिया सुरू आहे.'

म्हणजे निविदा बाकी, कार्यारंभ आदेश बाकी. हा उन्हाळा काही सुटत नाही, हे सगळ्यांना समजले. मी उत्तर उर्दूत वाचून दाखवले तेव्हा कोणी रागावले नाही. खाला म्हणाल्या, "इतना पहले बता देते तो क्या बिगड़ता?" त्याच बैठकीत पाच घरांनी मिळून एक मोठी टाकी घ्यायचे ठरवले. त्या कागदाने पाणी आणले नाही. पण आमच्या बायांचा निर्णय त्यांच्या हातात परत दिला. पुढच्या पाणीवारी नववीच्या वर्गात बाक पूर्ण भरले नाहीत, पण पूर्वीइतके रिकामेही नव्हते.

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटींचा निधी आहे. तो कामे सुचवतो आणि जिल्हा प्रशासन त्यांना मान्यता देते. सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना ही साधने त्याच्याकडे आहेत. या सगळ्याचा हिशोब एका पानावर मावतो. दर तीन महिन्यांनी असे एक पान निघावे, मराठीत आणि आमच्या वस्त्यांसाठी उर्दूतही. काम कोणते, पायरी कोणती, रक्कम किती, आता कोणत्या कार्यालयात आहे. आणि एक रकाना 'झाले नाही' याचाही असावा. ते पान मशिदीबाहेर, शाळेच्या फळ्यावर, रेशन दुकानात लागावे.

आपल्या बाजूनेही थोडे करायचे आहे. अर्ज, मुदत, रक्कम, हिशोब हे शब्द कचेरीतले असले तरी आपल्या घरातलेच आहेत, त्यांना बिचकू नये. घरात पदवीधर मुलगी किंवा सून असेल आणि पदवीला तीन वर्षे झाली असतील, तर पदवीधर मतदारसंघाचा नमुना १८ तिच्याकडून भरून घ्या. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. आणि पुढच्या वेळी कोणी 'मंजूर झाले' म्हणाले, तर आधी मुबारकबाद द्या, आणि मग अदबीने विचारा, "साहेब, कोणती मान्यता?"